तेलीसुताचं शेवटचं पद

आजोबा, तुमचं कीर्तन परवा सिंगापूरला झालं. पेणच्या इस्रायल आळीत तुम्ही जे आख्यान उभं राहून सांगायचात, ते इथल्या एका कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये, एसीच्या गारठ्यात शाली गुंडाळून बसलेल्या पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरांनी ऐकलं. शेवट होईपर्यंत कोणीही हळूच उठून चपला शोधायला गेलं नाही. श्रोता शेवटपर्यंत बसला की कीर्तनकाराला दुसरं सर्टिफिकेट लागत नाही, असं तुम्ही म्हणायचात. ते सर्टिफिकेट तुम्हाला मिळालं, हे आधी सांगून टाकते. बाकीचं सांगायला मला जरा वेळ लागणार आहे.

मी आता पासिर रिसला राहते. बेटाच्या पूर्वेच्या टोकाला घर आणि पश्चिमेच्या टोकाला, जुरोंग आयलंडवर, नोकरी. रोज कंपनीच्या बसने जायचं, गेटवर पास दाखवायचा आणि दिवसभर पाइप, प्रेशर आणि तापमान यांच्याशी बोलायचं. तुमच्या नातीने केमिकल इंजिनिअर व्हावं असं तुम्हाला वाटलं असतं की नाही कोण जाणे. पण तुमच्या छापखान्यातल्या शाई, रॉकेल आणि शिसं यांच्या वासात लहानाची मोठी झालेली मुलगी दुसरं काय होणार होती? इथे मराठी माणसं पुष्कळ आहेत, मंडळ आहे, गणपती बसतो, दिवाळीला फराळ होतो. मी जाते सगळ्याला. पहिल्या वर्षी एका बाईंनी मला कौतुकाने विचारलं, "तुम्ही ज्यू, मग मराठी इतकं छान कसं हो बोलता?" मी म्हटलं, "पुण्यात पेशवे यायच्या कितीतरी आधीपासून आम्ही कोकणात तेलाचे घाणे चालवतोय. मराठी तुम्ही कुठे शिकलात?" त्या बाई आता माझ्या चांगल्या मैत्रीण आहेत. पण तेव्हा त्यांचं तोंड जे पडलं, ते तुम्ही बघायला हवं होतंत.

तेल्यांचं हे उत्तर तुमच्याकडूनच घेतलेलं. शाळेत पोरं मला 'शनवार तेलीण' म्हणून चिडवायची, कारण आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवायचे. मी रडत थेट तुमच्या छापखान्यात आले होते. तुम्ही खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवत उभे होतात. मान वर न करता म्हणालात, "खोटं बोलले का ते?" मी नाही म्हटलं. "मग रडतेस कशाला? खोट्यावर रडावं. खऱ्यावर कसलं रडायचं?" मला त्या वेळी तुमचा भयंकर राग आला होता. मला जवळ घेतील, त्या पोरांना झापायला येतील असं वाटलं होतं, आणि तुम्ही मला एक जुनं छापलेलं पान काढून दाखवलंत. प्रत्येक पदाच्या शेवटच्या ओळीत कवी आपलं नाव घालतो, त्याला मुद्रिका म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. तुमच्या मुद्रिकेत तुमचं नाव नव्हतं. 'तेलीसुत म्हणे' असं होतं. लोक ज्या नावाने हिणवायचे तेच तुम्ही सहीसारखं करत होतात. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले ती ताठ मानेने.

तुमचं लिहिणं मी कधी पाहिलंच नाही, कारण तुम्ही लिहीतच नव्हतात. मालक जेवायला गेले की लग्नपत्रिका नि हँडबिलं बाजूला सारायची, खिळे लावायची पट्टी हातात घ्यायची आणि लाकडी खणांतून एकेक खिळा उचलून पद सरळ शिशातच जुळवायचं. कागद नाही, पेन्सिल नाही, खाडाखोड नाही. ओळ आवडली नाही की खिळे सोडून परत खणांत. एखादं अक्षर संपलं की शब्द बदलायचा. "लोक म्हणतात कवीला प्रतिभा लागते. मला खिळे लागतात," असं म्हणून तुम्ही हसायचात. छापून झालं की सगळे खिळे पुन्हा सुटे करून उद्याच्या हँडबिलासाठी तयार. माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीला हे सांगितलं तेव्हा ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, सो नो बॅकअप? लाइक दॅट व्हेरी रिस्की, लाह." बरोबर आहे तिचं. तिच्या पणजोबांनी बॅकअप ठेवला नाही. पद झालं की घरी येऊन आजीला ऐकवायचं, एवढाच तुमचा बॅकअप.

आजीचं स्वयंपाकघर मला लख्ख दिसतंय. शुक्रवारची दुपार आहे, दिवेलागणीच्या आत सगळं उरकायचं म्हणून गडबड आहे. आपल्यात मटणाबरोबर दूधदही चालत नाही, म्हणून सगळ्या रश्श्यांना नारळाचं दूध, आणि म्हणून आजी कायम विळीवर बसलेली, नारळ खवताना. तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून नवी ओळ म्हणता. आजी खवत राहते. तुम्ही ओळ बदलून म्हणता. आजी खवत राहते. मग एका ओळीला तिचा हात थांबतो. ती तुमच्याकडे बघत नाही, फक्त हात थांबतो. तुम्ही समाधानाने चहा मागता. आजीला अक्षरओळख जेमतेम होती, पण तिच्यापुढे टिकली नाही अशी एकही ओळ तुम्ही छापली नाहीत. इथे नारळाचं दूध पाकिटात मिळतं, कात्रीने कापायचं आणि ओतायचं. सोय आहे, पण त्याला ओळ ऐकवता येत नाही.

तुमचं कीर्तन मात्र मी कधी ऐकलं नाही. माझ्या जन्माआधीच तुम्ही ते सोडलं होतंत. आत्या इस्रायलला गेली आणि त्या वर्षापासून तुम्ही परत कधी उभे राहिला नाहीत, एवढंच मला ठाऊक होतं. घरात त्यावर कोणी बोलत नसे. मग काकाही तिकडेच गेले, आळीतली घरं एकेक करून कुलूपबंद होत गेली. मी एकदा विचारलं होतं, "आजोबा, आपण का नाही जात?" तुम्ही म्हणालात, "तिथे गेलो तर मी म्हातारा होईन. इथे मी कवी आहे." त्या वेळी मला ते उत्तर चुकवल्यासारखं वाटलं. आता परक्या देशात इतकी वर्षं काढल्यावर त्यातलं वजन कळतं. तुमची भाषा ज्यांना कळते ती माणसं सोडून तुम्ही देवाच्या गावालाही जायला तयार नव्हतात.

तर आता कीर्तनाचं. इथल्या विद्यापीठात पुण्याची एक मुलगी पोस्टडॉक आहे. दिवसा सौर पॅनेलवर संशोधन करते. पण वडील, आजोबा सगळे नारदीय कीर्तनकार, आणि ती स्वतः लहानपणापासून उभी राहून कीर्तन करते. मंडळात ओळख झाली, बोलता बोलता मी तुमच्याबद्दल सांगितलं, तर तिने बसल्या जागी फोनवर शोध सुरू केला. एका ग्रंथालयाने जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली आहेत, त्यात तुमची एक पुस्तिका निघाली. तेवढीच एक. आपल्या धर्मग्रंथातल्या त्या परदेशी सुनेचं आख्यान, जी नवरा मेल्यावर माहेरी जायचं सोडून म्हाताऱ्या सासूबरोबर सासूच्या देशात येते आणि लोकांच्या शेतात सरवा वेचून, म्हणजे कापणीनंतर मागे पडलेले दाणे गोळा करून, दोघींचं पोट भरते. मी ते पहिल्यांदा वाचलं इथल्या मेट्रोत, एमआरटीत, उभ्याने, एका हाताने कडी धरून. माझं स्टेशन मागे गेलं.

आजोबा, काय लिहिलंय तुम्ही. ग्रंथातलं ते जव-गव्हाचं शेत तुम्ही सरळ पेणच्या खारेपाटात आणून ठेवलंत. ती सून बांधावरून चालते, पायाला खारी माती लागते, भाताच्या लोंब्या वेचते, सासू तिला आंबील करून घालते. आणि त्या दोघी भांडतातही, आपल्याकडच्या सासवा-सुनांसारख्या. शेजारणी टोमणे मारतात. आणि मग ती सासूला म्हणते:

सोडिले मी गाव, सोडिली मी भाषा,
तुझ्या दारी आशा, बांधियेली.

पोस्टडॉकने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. म्हणाली, "ताई, मी इतकी आख्यानं लावली, सुनेच्या तोंडी इतकं साधं कोणी दिलेलं नाही बघितलं. आपण हे करायचं. मी उभी राहते. बाबांना फोन करून चाली विचारते, तुमच्या आजोबांनी प्रत्येक पदाच्या वर नाटकातल्या पदांच्या चाली दिल्यात, त्या बाबांनाच माहीत असणार." मंडळाने तारीख दिली, हॉल मिळाला. मी आनंदाने घरभर फिरत होते. आणि मग तिने शांतपणे सांगितलं की शेवटचं पान नाही.

खरंच नव्हतं. सुनेचं दुसरं लग्न होतं, ती त्याच शेताची मालकीण होते, आणि मग पान फाटलेलं. ज्या पदाने आख्यान पुरं व्हायचं, ज्यात तुमची मुद्रिका असणार, तेच गेलं होतं. मी म्हटलं, तिथेच थांबू, लोकांना सांगू की पुढचं उपलब्ध नाही. ती म्हणाली, "नाही हो ताई. आख्यान लावलं की पुरं करायचं, अर्ध्यावर ठेवून उठायचं नाही. आमच्या घरात हे पाप आहे. बाबा मला दारात उभं करणार नाहीत." मी म्हटलं, दुसऱ्या कोणाचं तरी पद लाव. ती म्हणाली, "तेलीसुताच्या आख्यानाला दुसऱ्याची सही? तुम्हाला चालेल?" मला चालणार नव्हतं. शेवटचं पद मिळालं तर कीर्तन होणार, नाहीतर तारीख परत करायची, असं ठरलं.

तुमचं कीर्तन ऐकलेलं जिवंत माणूस आता माझ्या माहितीत एकच, आत्या. ती ऐंशी पार करून इस्रायलच्या दक्षिणेला एका लहान गावात राहते, मराठीत हिब्रू मिसळते आणि हिब्रूत मराठी. मी तिला फोन लावला. आख्यान म्हटल्यावर तिने मधली दोन पदं धडाधड म्हणून दाखवली, पखवाजाच्या बोलांसकट. शेवटाचं विचारलं तर म्हणाली, "नाही गं आठवत. शेवटाला आम्ही पोरी प्रसादाच्या मलिद्याची ताटं भरायला आत असायचो." आणि मग, मी काही न विचारता, म्हणाली, "मी निघाले तेव्हा बाबा माझ्याशी बोललेच नाहीत. मी एसटीत बसले तरी ते खाली उभे राहून चाकाकडे बघत होते. आणि मग त्यांनी कीर्तन सोडलं. ते माझ्यामुळेच ना?" मी तिला म्हटलं, तसं नसेल गं. पण मला काय ठाऊक असणार? तुम्ही कोणालाच सांगितलं नव्हतंत. ऐंशीच्या पुढची बाई पन्नास वर्षं हा एक प्रश्न उराशी घेऊन बसली आहे, हे मला त्या फोनवर कळलं, आणि फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. प्लांटमध्ये कॅमेऱ्याचा फोन नेता येत नाही, तो गेटवरच ठेवायचा, म्हणजे दिवसभर लिहायची सोयच नाही. मी हेल्मेट घालून टाक्यांच्या मधून फिरत होते आणि डोक्यात ती सून. आता शेत तिचं आहे, कापणी चालू आहे, आणि बांधावर दुसरी कोणीतरी गरीब बाई येऊन उभी आहे. काय म्हणेल ती? एक ओळ आली. आवडली नाही, सोडून दिली. दुसरी आली. परतीच्या बसमध्ये शेजारचा तमिळ सुपरवायझर घोरत होता आणि मी बोटांवर अक्षरं मोजत होते. घरी येऊन लेकीसमोर म्हणून बघितलं. तिने इअरफोन काढले आणि विचारलं, "दॅट वन हू से?" मी म्हटलं, पणजोबांच्या कीर्तनातली बाई. ती म्हणाली, "नाइस, लाह. से अगेन." मी परत म्हटलं.

वेचणारी होते, देणारी मी झाले,
मागे राहू दिले, चार दाणे.
तेलीसुत म्हणे, कापणी ही झाली,
मागून जी आली, तिने न्यावे.

पोस्टडॉकला मी ते पाठवलं. तिचा लगेच फोन. "ताई, मिळालं? आत्यांकडून?" मी म्हटलं, "मिळालं." ती इतकी खूश झाली की पुढे काही विचारलंच नाही.

कीर्तनाच्या दिवशी ती नऊवारी नेसून उभी राहिली, पेटीवर एक बँकेतला मॅनेजर, तबल्यावर एक विद्यार्थी, आणि झांजा माझ्या लेकीच्या हातात. पूर्वरंग संपवून तिने सवयीने "बोला" म्हटलं आणि सगळा हॉल विठ्ठलाच्या नावाने गरजला. तिच्या लक्षात आलं, चेहरा पांढरा पडला, आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी हसत होते. आत्याने सांगितलं होतं मला, पेणला सुद्धा प्रत्येक वेळी हेच व्हायचं. साथीला देवळातले पखवाजवाले, समोर अर्धं गाव हिंदू, त्यांच्या तोंडून दुसरं काय येणार? तुम्ही गजर संपेपर्यंत चष्मा पुसत उभे राहायचात आणि मग म्हणायचात, "देव एकच ना? मग ज्याला पोचायचं त्याला पोचलं. आता पुढे ऐका." मी खुर्चीतूनच तिला हाताने खूण केली, पुढे चल. तिने आख्यान लावलं. भांडणाच्या ठिकाणी लोक हसले, सासूच्या आंबिलीला पहिल्या रांगेतल्या आज्यांनी डोळे पुसले. 'सोडिली मी भाषा' म्हटलं तेव्हा हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. तिथे बसलेल्या प्रत्येकाची मुलं घरी इंग्रजीत उत्तरं देतात, आजोबा. तुम्ही कधी गाव सोडलं नाहीत, पण सोडणाऱ्यांचं तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मी मान इतकी ताठ करून बसले होते की संध्याकाळी खांदा दुखला. नंतर मी केलेला मलिदा वाटला. भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, केळी. तीन जणांनी तरी विचारलं, "गोड दडपे पोहे का हो?" मी हो म्हटलं, उगाच वाद कशाला.

रेकॉर्डिंग आत्याला पाठवलं. रविवारी दुपारी तिचा फोन आला, तिच्याकडे सकाळ होती. आधी पोस्टडॉकच्या आवाजाची तारीफ झाली, पेटीवाल्याच्या दोन चुका काढून झाल्या. मग म्हणाली, "ते शेवटचं पद. अगं, ऐकलं आणि सगळं आठवलं बघ मला."

मी म्हटलं, "काय आठवलं?"

"हेच म्हणायचे ते. हेच. आधी तांब्यातलं पाणी प्यायचे आणि मग हे. आम्ही पोरी ताटं घेऊन दारात उभ्या असायचो, आणि 'मागून जी आली' म्हणताना बाबा माझ्याकडे बघायचे. मी कशी विसरले होते गं? 'तिने न्यावे' म्हणायचे आणि मान हलवायचे. म्हणजे मला आधीच सांगून ठेवलं होतं त्यांनी, नाही का? जा, ने तुला न्यायचंय ते. मी उगाच इतकी वर्षं मनाला लावून घेतलं."

ती रडत होती, पण चांगली रडत होती. मी म्हटलं, "हो आत्या. तुझ्याकडेच बघत असणार."

हे पत्र पाठवायचं म्हटलं तरी कुठे पाठवणार? पेणच्या कबरस्तानात पोस्टमन जात नाही, आणि दुसऱ्या कोणाला हे वाचू द्यायची माझी हिंमत नाही. पोस्टडॉकने पूर्ण आख्यान टाइप करून मंडळाच्या संग्रहात ठेवलंय, शेवटच्या पदासकट, तुमच्या मुद्रिकेसकट. ते पद तुमचं नाही हे जगात फक्त मला ठाऊक आहे, आणि आता तुम्हाला. खरं तर 'मागून जी आली' म्हणजे मी. तुमच्या आख्यानावर माझा काही हक्क आहे का हे मला कळत नव्हतं, म्हणून तुमच्याच सहीने मी स्वतःला परवानगी लिहून दिली होती. ती परवानगी आत्या घेऊन गेली. मला वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही. तुमच्या मुलीने माझी ओळ तुमची म्हणून ओळखली, आजोबा. एवढा अभिमान मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा वाटलेला नाही.